मेणाचा ठोकळा

कोथिंबिरीची जुडी नाकाशी नेऊन दीनाने ती परत टोपलीत टाकली, कारण तिला वास नव्हता, आणि वास नसलेल्या कोथिंबिरीचा एवढा तोरा कशाला, असं ती भाजीवालीला विचारणार इतक्यात पर्समधला फोन वाजला. नगरच्या दिल्ली गेटाशी सकाळी अकराला फोन घ्यायचा म्हणजे दुसऱ्या कानात बोट घालूनच घ्यावा लागतो. पलीकडे पुण्याच्या डॉक्टर राजनंदिनी होत्या, स्वतः. आवाज नेहमीसारखा घाईचा आणि गोड. नऊ वर्षांपूर्वी नगरला तुमच्या मानेतली गाठ काढली होती ना, तिचा ब्लॉक तुमच्याकडेच असेल, मंगळवारी येताना तेवढा आठवणीने आणा, म्हणाल्या. आहे ना, आणते, असं दीना म्हणाली. चौतीस वर्षं वर्गावर गणित शिकवलेल्या बाईला, विचारलेलं आपल्याला माहीत नाही, असं म्हणायची सवयच नसते. फोन पर्समध्ये टाकला आणि मग, मागून एक टेम्पो हॉर्नवर हॉर्न मारत असताना, तिच्या लक्षात आलं की तो ब्लॉक घरात कुठे आहे हे आपल्याला ठाऊक नाही. कसा दिसतो तेही धड आठवत नाही. मेणाचा होता, लहानसा होता, एवढंच. भाजीवाली म्हणाली, "घ्यायची तर घ्या बाई, न्हाई तर बाजूला व्हा, मागं गिऱ्हाईक हाय." दीनाने तीच जुडी घेतली आणि सावेडीत घरी पोहोचेपर्यंत तिला त्या जुडीचा राग येत राहिला.

राग येण्याचं हे काही पहिलं वर्ष नव्हतं. या आजाराने तिला भीतीपेक्षा वैतागच जास्त दिला होता. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया हे नाव नऊ वर्षांपूर्वी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिने ते स्पेलिंगसकट वहीत उतरवून घेतलं होतं आणि पेन तसंच हातात ठेवून विचारलं होतं, आता करायचं काय? तर इथले डॉक्टर म्हणाले, काही नाही. रक्ताचा कॅन्सर, आणि करायचं काही नाही. हा संथ प्रकार आहे बाई, तुम्ही याच्यासकट म्हाताऱ्या व्हाल आणि भलत्याच कशाने तरी जाल. दर तीन महिन्यांनी रक्त बघायचं, बस्स. हे त्यांनी धीर म्हणून सांगितलं होतं हे तिला कळत होतं, पण गणित समोर ठेवून ते सोडवू नका, नुसतं बघत बसा, असं सांगणारा माणूस तिला जन्मात भेटला नव्हता. शेजारच्या ग्रेसने तर, चांगल्यातलाच कॅन्सर झाला म्हणायचा, असं म्हणून तिच्या हातावर हात ठेवला होता. मग पाच वर्षं बघत बसणं झालं. मग आकडे चढले, गोळ्या सुरू झाल्या, दोन वर्षं गोळ्या. रक्त असं स्वच्छ झालं की शोधूनही त्यात जुनी पेशी सापडेना. चर्चमध्ये आभाराची उपासना झाली. डेव्हिडने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, पेढे वाटले आणि ज्यांना नको होते त्यांनाही दोन-दोन दिले. त्यानंतर दीड वर्षाने, या ऑगस्टमध्ये, अंघोळ करताना गळ्याच्या हाडावर बोटाला काहीतरी लागलं. तीन आठवड्यांत त्याचं लिंबू झालं. अंगाला घाम, जेवणावर वासना नाही, ब्लाउज सगळे ढगळ. पुण्याला तुकडा काढून तपासला आणि तिथे तिला नवीन शब्द मिळाला. रूपांतर. संथ आजाराचं आक्रमक लिम्फोमात रूपांतर. पाच वर्षं जे तुम्ही नुसतं बघायला लावलंत, ते तुमच्या बघता बघता वेष बदलून समोर उभं राहिलं, असं तिला त्या इथल्या डॉक्टरांना जाऊन सांगायचं होतं. पण ते आता निवृत्त होऊन मुलाकडे गेले होते. ज्यांना सुनवायचं ती माणसं वेळेवर जागेवर नसतात.

डॉक्टर राजनंदिनी मात्र नीट बोलल्या होत्या. कागद ओढून, चित्र काढून. या पेशींना जन्मताच एकेक खूण मिळते, म्हणाल्या, आणि एक पेशी बेलगाम वाढायला लागली की तिच्या लेकींत, नातींत, पणतींत तीच खूण उतरत जाते. तुमच्या जुन्या आजाराला त्याची खूण होती. या नव्या गाठीला तिची खूण आहे, ती आम्ही काढली. दोन्ही शेजारी ठेवून पाहायच्या. खूण एकच निघाली तर जुन्याच पेशींनी रूप पालटलंय. त्या चिवट असतात, औषधाने दबतात आणि परत उठतात. वेगळी निघाली तर हा दुसराच आजार, त्याच घरात योगायोगाने शिरलेला. त्याला औषध चांगलं लागू पडतं, पुष्कळ जण बरे होतात. किती वेळा एकच निघते? दीनाने विचारलं. दहात आठ वेळा, असं डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी नजर चुकवली नाही, यासाठी दीनाला त्या आवडल्या. पण जुन्या आजाराची खूण आता आणायची कुठून? नऊ वर्षांपूर्वी ती तपासणी कुणी केलेली नव्हती. रक्त तर गोळ्यांनी धुऊन काढलेलं. ज्या स्वच्छ रक्तासाठी पेढे वाटले त्याच स्वच्छ रक्तामुळे आता पंचाईत झाली होती. जुनी पेशी फक्त एकाच ठिकाणी उरली असणार होती, त्या वेळी काढलेल्या गाठीत, मेणात बुडवून ठोकळा करून ठेवलेल्या. तुम्ही मंगळवारी या, आपण केमोचं पहिलं सलाइन तर सुरू करूच, ते दोन्हीकडे सारखंच आहे, पुढचं खुणेवर ठरवू, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. दीनाचं मात्र पुढचं तिथल्या तिथे, त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या ठरलं होतं. वेगळी निघाली तर सगळं करायचं. एक निघाली तर काहीही करायचं नाही, पहिलं सलाइनसुद्धा नाही. घरी जायचं, आपल्या पलंगावर. हे तिने डेव्हिडला सांगितलं नाही, नाशिकहून रोज फोन करणाऱ्या लेकीला, एंजेलालाही सांगितलं नाही. सांगितलं की माणसं वाद घालतात, आणि वाद घालणाऱ्यांनी इमॅन्युएलला पाहिलेलं नव्हतं. इमॅन्युएल तिचा धाकटा भाऊ. पुण्यात केमो घेत सहा महिने खाटेवर होता. नखं काळी पडलेली, तोंडात फोड, पाणी गिळता येत नव्हतं, आणि रोज सकाळी एकच प्रश्न, ताई, घरी कधी? उद्या, असं ती रोज म्हणायची. शेवटी ती त्याला घरी घेऊन आली तेव्हा सुप्याच्या अलीकडे अँब्युलन्सवाल्याने चहाला गाडी थांबवली. तिने त्याला ओरडून पुढे हाकलायला लावलं, आणि मग उरलेला रस्ता, घाई आता कसली, तो तर गेलाय, या विचाराने तिला नीट बसवेना. एकदा पाहिलं तेवढं पुरे होतं. म्हणून तिला तो ठोकळा हवा होता. मंगळवारच्या आत काहीतरी कळायला हवं होतं, निदान कळणार आहे एवढं तरी.

त्याच दुपारी ती जुन्या दवाखान्यात गेली. ब्लॉक यांच्याकडेच असणार, हे लोक कुठे काय देतात, असं तिने रिक्षात बसेपर्यंत पक्कं केलं होतं. रेकॉर्डच्या खोलीत लोखंडी मांडण्यांमध्ये एक माणूस बसला होता. तो तिला पाहून उठूनच उभा राहिला. मच्छिंद्र. सातवी ब, मागचा बाक, अपूर्णांकात कच्चा. डोक्यावरचे केस गेले होते पण उभं राहण्याची तऱ्हा तीच होती. त्याने वर्ष विचारलं, शिडी लावली, एक रजिस्टर काढलं, फुंकर मारली, पानं उलटली आणि रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. चौदा डिसेंबर. ब्लॉक एक, रिपोर्ट एक, मिळाले. खाली तिची सही होती, तीच ती ठसठशीत, अमोलिक या आडनावातल्या लिच्या वेलांटीला वळण देऊन केलेली. दीनाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. सही तीच राहिली. "तुमचीच हाय ना, बाई?" मच्छिंद्रने विचारलं. ती म्हणाली, तेव्हा इतके कागद पुढे केले होते, कशावर काय लिहिलंय ते कोण वाचतंय. मच्छिंद्र खाली बघून, पण अगदी स्पष्ट म्हणाला, "सई करायच्या आदी वाचा, ह्ये तुमीच सांगितलं हुतं आमाला." गाठीचे पातळ काप लावलेल्या काचा तरी असतील, तिने विचारलं. काचा ठेवायची मुदत कधीच सरली होती. त्याने तिला चहा विचारला. तिला नको होता, तरी त्याच्या समाधानासाठी तिने अर्धा घेतला, आणि तो चहाही पांचट होता.

मग घर. फाइल तर चोख होती, तिचीच फाइल, प्रत्येक रिपोर्ट तारखेवार, पहिल्यापासून शेवटपर्यंत, वर अनुक्रमणिका. फाइलमध्ये ठोकळा नव्हता. लोखंडी कपाट, ट्रंक, शिवणाच्या मशिनचा खण, एंजेलाच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांचं बोचकं, सगळं उपसलं. शुक्रवारी संध्याकाळी बायबलांच्या मागे, फळीच्या कोपऱ्यात, दवाखान्याचा शिक्का असलेलं तपकिरी पाकीट मिळालं. वर तिचं नाव, नंबर. आत काही नाही. तिने ते उलटं करून झटकलं, उजेडाकडे धरून आत पाहिलं, परत झटकलं. म्हणजे घरापर्यंत आला होता आणि घरातून गेला होता. घरात माणसं दोन, आणि त्यांतलं एक माणूस त्या क्षणी मागच्या पडवीत गॅसच्या लहान शेगडीवर मेण वितळवत होतं.

डेव्हिडचं हे मेणाचं प्रकरण त्याच्या बापाकडून आलेलं. कोल्हारला त्याचा बाप नाताळच्या आधी अख्ख्या वस्तीतून मेणबत्त्यांची थोटकं गोळा करायचा, वितळवून नव्या मेणबत्त्या ओतायचा आणि नाताळच्या उपासनेला प्रत्येकाच्या हातात एकेक जायची. कुणाची जुनी कुणाच्या नव्यात गेली हे कुणालाच कळत नाही, त्यात मजा, असं तो म्हणे. डेव्हिड नगरला येऊन एमआयडीसीत टर्नर झाला, तरी नोव्हेंबर लागला की हे सुरू. साचे त्याने स्वतः लेथवर घडवलेले, अॅल्युमिनियमचे, आतून आरशासारखे गुळगुळीत. वर्षभर लोक पिशव्या आणून देत, वाढदिवसाची, लाइट गेल्याची, कबरीवरची, कसलीही थोटकं. पाण्याच्या पातेल्यात तुपाचा जुना डबा, डब्यात मेण, मग मलमलीतून गाळणं. सगळ्या घराला तो वास, पडद्यांना वास, वरणाला वास. मेणाचा कण वाया जाऊ द्यायचा नाही, हा त्याचा एकमेव हट्ट, आणि नवऱ्याचा एकमेव हट्ट असेल तर तो चालवून घ्यावा म्हणून दीना इतकी वर्षं नाक दाबून होती. आता तिने ते रिकामं पाकीट त्याच्या पुढ्यात धरलं आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. मेण दिसलं की टाक डब्यात, मेण दिसलं की टाक डब्यात, कशाचं आहे, कुणाचं आहे, विचारायची पद्धत आहे का या घरात? माझा जीव होता त्याच्यात. तुम्ही त्याची मेणबत्ती केलीत आणि कुणीतरी ती हातात धरून गाणी म्हटली. डेव्हिडने पाकीट हातात घेतलं, आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग ते शेजारी ठेवून गॅस बारीक केला. "गेलं आसंल," म्हणाला. एवढंच. नाही म्हणाला नाही, आठवत नाही म्हणाला नाही, चूक झाली म्हणाला नाही. समोरच्याने निदान तोंड उघडावं म्हणजे भांडणाला काही आकार येतो. शुक्रवारी रात्रीचं जेवण, शनिवारचा नाश्ता, शनिवारचं जेवण, ती बोलत राहिली आणि तो ऐकत राहिला, मधूनच भाजी वाढून घेत. एकदा तर ती इतकी बोलली की गळ्याची गाठ ठणकायला लागली, तेव्हा त्याने उठून पाणी आणून दिलं.

एकच का वेगळं. या प्रश्नाने आपला पिच्छा आजचा नाही धरलेला, हे तिला शनिवारी दुपारी, उपसलेल्या ट्रंकेपाशी फरशीवर बसलेली असताना जाणवलं आणि त्याचाही वैताग आला. ती माहेरची अमोलिक, सासरचीही अमोलिक. राहात्याचे अमोलिक आणि कोल्हारचे अमोलिक. स्थळ आलं तेव्हा तिच्या वडिलांनी, म्हणजे मास्तरांनी, पहिलाच प्रश्न केला होता, मुळात एकच तर नाहीत? पणजोबांच्या वेळी ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांना हे आडनाव कुणी आणि कसं दिलं, दोन घरांना वेगवेगळं दिलं की एकाच घराच्या दोन फांद्या झाल्या, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. एक असतील तर लग्न नाही. मास्तर शिस्तीचा माणूस. दोन दिवसांची रजा काढून कोल्हारला गेले, जुनं बाप्तिस्म्याचं रजिस्टर बघायला. परत आले ते कपड्यांवर माती घेऊन, संतापलेले. नेमक्या त्या सालांची पानं वाळवीने खाल्ली होती. वरची होती, खालची होती, मधली चाळणी. आईने पाय धुवायला पाणी दिलं. मास्तर बराच वेळ ओसरीवर बसले आणि मग कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, वेगळे धरू. दीना तेव्हा नुकती बीएस्सी झालेली, तिने आतून विचारलं होतं की पुराव्याशिवाय धरता कसं येईल? धरलं तर पुढची सगळी ओळ चुकू शकते. आईने तिला आत ढकललं होतं. लग्न झालं. पुढे एंजेला जन्मली तेव्हा मास्तरांनी दुपट्यातल्या बाळाचं तोंड पाहण्याआधी हाताची बोटं मोजली, मग पायाची मोजली, आणि मगच हसले. एकोणचाळीस वर्षं संसार झाला, बोटं वीसच्या वीस निघाली, तरी ती पायरी गाळलेली आहे ही टोचणी दीनाच्या मनात कुठेतरी राहिलेलीच. वर्गात ती लाल पेनाने लिहायची, उत्तर बरोबर, रीत नाही, अर्धे गुण.

रविवारी उपासनेनंतर ग्रेस चर्चमधलं मेणबत्त्यांचं पितळी स्टँड घेऊन आली. दर नोव्हेंबरला ते दीनाकडेच घासायला यायचं, या वर्षी तुम्हाला बरं नाही तर मी करते, असं ग्रेस म्हणाली तेव्हा दीनाने ते तिच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतलं. बरं नसणं हे काय काम आहे दिवसभर करायचं? स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, कांदा चिरायची आखूड सुरी घेतली आणि स्टँडच्या वाट्यांमध्ये घट्ट बसलेलं मेण ती खरवडू लागली. मागून पडवीतून पातेल्याचा बुडबुड आवाज. खिडकीतून पेरूच्या झाडाची सावली टेबलावर येऊन गेली. सुरीचं टोक मेणात रुतलं, अंगठा पितळेच्या कडेवर दाबला गेला, त्या कडेला बारीक दाते होते, आणि अंगठा थांबला. अंगठ्याला हे ठाऊक होतं. दाते, पण पितळेचे नाहीत. प्लास्टिकचे. चौकोनी, पांढरट प्लास्टिकची चौकट, काडेपेटीहून लहान, खालून जाळीदार, एका बाजूला तिरप्या कडेवर पेन्सिलीने लिहिलेला नंबर. चौकटीत मेण. हेच टेबल, हीच सुरी.

चौदा डिसेंबर. दवाखान्यातून ती एकटीच आली होती, कारण डेव्हिडला तिने, तुम्ही येऊन काय करणार, असं म्हटलं होतं. काही करायचं नाही हे शब्द ऐकून ती आली होती. पर्स टेबलावर, पाकीट टेबलावर. तिने पाकीट फाडलं आणि तो ठोकळा काढून हातावर ठेवला. पांढऱ्या मेणात मधोमध मसुरीएवढा तपकिरी तुकडा. तिचा. तिच्या मानेतला. हा आता जन्मभर माझ्याबरोबर राहणार, म्हातारी होईपर्यंत, आणि मी त्याला कपाटात जपून ठेवायचं? काय म्हणून? तेवढ्यात पडवीतून डेव्हिडची हाक आली होती, दीना, थोडं मेण हाय का गं कुठं, येक साचा अर्धाच भरतोय. सरळ, साधी हाक. त्याला अजून काही माहीत नव्हतं, ती आल्याचंही जेमतेम कळलं होतं. आणि तिने ही सुरी घेऊन त्या चौकटीतून मेण उचकटून काढलं होतं. एका झटक्यात नाही. चार-पाच वेळा जोर लावून, दात आवळून, मधे एकदा सुरी सटकून अंगठ्याला लागलीही होती. चौकट कचऱ्यात. मेणाचे तुकडे ओंजळीत घेऊन ती पडवीच्या दारात गेली आणि ते तिने त्याच्या डब्यात टाकले. घ्या, म्हणाली. जाळा. मग घरात येऊन, रिकामं पाकीट कुठे ठेवावं हे न कळून, ते बायबलांच्या मागे सारलं, आणि नंतर त्या रात्री शांतपणे त्याला आजार सांगितला, वहीतलं स्पेलिंग दाखवून. विसरले असं म्हणणं सोपं होतं. विसरणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने ते उचलून बाजूला ठेवलं होतं आणि नऊ वर्षं त्या बाजूला पाहिलं नव्हतं, आणि या तीन दिवसांत तर तिने त्या जागेवर दुसऱ्याच माणसाला उभं करून झोडपलं होतं. तिला आधी लाज वाटली नाही. आधी रागच आला, स्वतःचा, मसुरीएवढ्या तुकड्याचा, अर्धा भरलेल्या साच्याचा. लाज मागून आली आणि मग ती जाईना.

सुरी तशीच हातात घेऊन ती पडवीत गेली. डेव्हिड लाकडी पाटावर बसून साच्यांच्या मध्यातून वाती ओवत होता, चष्मा नाकाच्या टोकावर.

"अहो, ते मेण मीच दिलं होतं तुम्हाला."

त्याने वात ताणून गाठ मारली. "माहीत हाय."

कधीपासून, तिने विचारलं. तो म्हणाला, शुक्रवारी तिने पाकीट पुढं केलं तेव्हापासून. त्या साली तिने ओंजळीने मेण आणून टाकलं, अंगठ्यातून रक्त येत होतं, ते त्याच्या ध्यानात राहिलं होतं, कारण त्या रात्रीच तिने आजार सांगितला. पण ते मेण कशाचं, हे कळायला पाकीट दिसावं लागलं. गाळताना मलमलीत एक बारीक काळपट कण राहिला होता. वातीची काजळी असेल म्हणून त्याने कापड पेरूच्या आळ्यात झटकलं. दीनाने मान वळवून पेरूकडे पाहिलं. गेली नऊ वर्षं ती त्याचे पेरू मीठ लावून खात आली होती आणि दरवर्षी, बिया फार आहेत, म्हणून त्या झाडाच्या नावाने बोटं मोडत आली होती.

"मग तीन दिवस माझी बोलणी का खाल्लीत? तोंड नव्हतं तुम्हाला?"

डेव्हिडने चष्मा वर सारला. "मला बोलत हुतीस तवर बरं हुतं. सोताला बोलाय लागली आसतीस तर थांबली नसतीस."

यावर तिला भयंकर चीड आली. ती पडवीच्या पायरीवर बसली. आता कधीच कळणार नाही, तिने सांगितलं, एकच आहे का वेगळं आहे, ते सांगणारं आता जगात कुठेच काही नाही, आणि मंगळवार परवावर आला. तिचा आवाज तिलाच चिरका वाटला. डेव्हिडने हातातली वात खाली ठेवली. तो पातेल्यातलं पाणी बघत राहिला.

"येकच निघालं आसतं तर तू जानार नव्हतीस," तो म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं.

ती दचकली. हे तिने कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, इमॅन्युएलला आणलं त्या दिवशी गाडीत, सुप्याच्या पुढे, ती भावाचा हात धरून बोलली होती. माझ्यावर ही वेळ आली तर मला नेऊ नका. आता पुण्याहून परत आल्यावर तिने पलंगावरच्या चादरी बदलल्या, स्वतःचं सामान एका खणात लावलं, तेव्हाच त्याला ते परत आठवलं होतं. त्या दिवशी आपण बोललो होतो हे दीनाला अजिबात आठवत नव्हतं. तिला वाटलं होतं की डेव्हिड गाडीत झोपला होता.

मग डेव्हिड बोलला. अंगणाकडे बघत, सावकाश, साच्याची कड अंगठ्याने पुसत. "तुज्या वडलांना बी पान घावलं नव्हतं. वाळवीनं खाल्लेलं. त्यांनी काय केलं? वेगळं धरलं. आपन बी वेगळं धरू."

"धरून चालत नाही," दीना ताडकन म्हणाली. "दहात आठ वेळा एकच निघतं. सिद्ध करावं लागतं. असं धरून चाललं असतं तर मग—" आणि पुढचं वाक्य तिला सापडेना. पुढे काय होतं ते समोरच पाटावर बसलेलं होतं, नाकाच्या टोकावर चष्मा घेऊन, तीन दिवस बोलणी खाऊन. पुढे नाशिकहून रोज येणारा फोन होता. डोळ्यांत पाणी आलं ते तिने पुसलंही नाही. डेव्हिडने ते पाहिलं आणि बोलला नाही, हेही तिला आता नेहमीसारखं डोक्यात गेलं नाही. रीत नाही, ती मनात म्हणाली. रीत अजिबात नाही.

थोड्या वेळाने ती उठली, आत जाऊन पितळी स्टँड आणि वर्तमानपत्र पडवीत घेऊन आली, त्याच्या शेजारी पायरीवर बसली आणि उरलेलं मेण खरवडू लागली. सुटलेला प्रत्येक तुकडा ती उजेडात धरून, उलटसुलट करून पाहत होती आणि मगच त्याच्या डब्यात टाकत होती. डेव्हिड वाती ओवत होता. तिसरा की चौथा तुकडा टाकल्यावर, त्याच्याकडे न बघता, तिने विचारलं की मंगळवारी पहिली गाडी कितीची आहे.